निर्दोष सुटलेल्या माणसाची वही

(हिंगोली इथे रसिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरंही दिली आहेत.)



निमंत्रण पत्रिकेत विषय 'कोर्ट: एका चित्रपटाची समीक्षा' असा छापलाय. मागे पडदाही लावलेला दिसतोय. पण आज सिनेमा दाखवायचा नाहीये, त्यामुळे कुणी त्या आशेनं आलं असेल तर आत्ताच माफी मागतो. (हशा) सिनेमावर बोलणार आहेच. पण बोलता बोलता मी एका वहीकडे जाणार आहे. आणि त्या वहीतला हिशोब कुणी चुकता करायचा, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आधी सिनेमा. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला मोठे पुरस्कार मिळाले, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. नारायण कांबळे नावाचा वयस्कर लोकशाहीर आहे. मुलांच्या शिकवण्या घेतो, वस्तीवस्तीत जाऊन गातो. मुंबईत गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो. पोलिस म्हणतात, ही आत्महत्या आहे, आणि कांबळेचं गाणं ऐकूनच त्यानं ती केली. झालं. आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा लागतो आणि खटला सुरू होतो.

नारायण कांबळेचं काम वीरा साथीदार यांनी केलंय. ते स्वतः नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. त्यांचा तो थकलेला, कुणाकडे काही न मागणारा चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही.

या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद कोणती, तर कॅमेरा घाई करत नाही. न्यायाधीश एक प्रकरण संपवतात, पुढचं पुकारतात, आणि आपण तिथेच बसून राहतो. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं. ज्यांनी कोर्टाच्या बाकावर दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे, कोर्ट हे असंच असतं. टेबलावर हात आपटणारे वकील तिथे नसतात. तिथे कंटाळा असतो. हा कंटाळा पडद्यावर आणणं फार अवघड काम आहे, आणि ताम्हाणेंनी ते पंचविशी-सत्ताविशीत केलंय.

दुसरी ताकद अशी की कॅमेरा कोर्टातून माणसांच्या घरी जातो. बचावाचा वकील विनय व्होरा, विवेक गोंबर यांनी केलाय, त्याच्या घरी जातो. तो सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो, रात्री गाणं ऐकायला बसतो, आईवडील लग्नाचं टुमणं लावतात. सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णी, लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. आणि शेवटी न्यायाधीश सदावर्ते उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टला जातात. सिनेमा तिथे संपतो. कोर्टाला सुट्टी लागली आहे आणि नारायण कांबळे तुरुंगात आहे. निकाल आपल्याला कळतच नाही.

आता माझी तक्रार ऐका. वकिलाच्या घरी गेलो, सरकारी वकिलाच्या घरी गेलो, न्यायाधीशाच्या सुट्टीत गेलो. म्हणजे कोर्टात ज्यांचं रोजचं काम आहे त्या तिघांचं घर पाहिलं. ज्याच्यावर खटला आहे, त्याचं घर मात्र सुरुवातीच्या शिकवणीच्या दृश्यानंतर दिसत नाही. शिकवण्या बंद पडल्या तर चूल कशी पेटते, तारखांना येण्याजाण्याचा खर्च कोण करतं, कागद कोण काढून आणतं, यातलं काहीच नाही. वकिलाच्या फीचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. पैसा एकदाच ठळकपणे समोर येतो. जामीन मंजूर होतो, एक लाखाचा. कांबळेकडे कुठले लाख? ते पैसे व्होरा स्वतः भरतो. दृश्य संपतं, सिनेमा पुढे जातो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ही सिनेमाची चूक वाटली होती. आज तसं वाटत नाही. आज वाटतं, कायद्याला आरोपी जसा दिसतो तसाच तो सिनेमाला दिसलाय. कायद्यालाही आरोपीचं घर दिसत नाही. त्याचा हिशोब दिसत नाही. आणि एकट्या 'कोर्ट'ची ही गोष्ट नाही. आपल्या सगळ्याच कोर्टाच्या कहाण्या बघा. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये खटला लुटुपुटीचा, आणि एकटा सुखात्मेच दोन्ही बाजूंचा वकील. फीचा प्रश्नच मिटला! (हशा) तमिळमधला 'जय भीम' घ्या, वकील एक पैसा न घेता लढतो. ते सत्य घटनेवर आहे आणि के. चंद्रू यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पडद्यावर भला वकील भेटला की आपण निर्धास्त होतो. निर्दोष सुटका झाली की टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. सुटलेला माणूस घरी कुठल्या पैशानं गेला, हे आपण विचारत नाही.

मी विचारतो, कारण मी एक वही पाहिलीय.

माझे थोरले मामा. गाव मराठवाड्यातलंच, नाव सांगत नाही, कोर्टही सांगत नाही. बांधावरून भावकीत हाणामारी झाली. मामा त्या दिवशी गावात नव्हते, बेणं आणायला दुसऱ्या गावी गेले होते. पण फिर्यादीत चार नावं होती तिथे पाचवं घातलं गेलं. खुनाचा प्रयत्न, मोठं कलम. अटक झाली, सव्वा महिना आत राहिले. मग जामीन. मग तारखा. नऊ वर्षं. निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी सांगितलं की मामांविरुद्ध पुरावाच नाही. निर्दोष मुक्तता. मामा घरी आले, देवापुढे साखर ठेवली आणि त्या रात्री कुणाशी बोलले नाहीत.

ते गेल्यानंतर ट्रंकेत ही वही सापडली. साधी दोनशे पानी. मामा चौथी शिकलेले, अक्षर वेडंवाकडं. 'वकीलसाहेब. एसटी. झेरॉक्स. चहा. जामीनदाराला धोतरजोडी. एसटी. नकला. वकीलसाहेब आले नाहीत. एसटी.' पानंच्या पानं अशी. मध्येच एक ओळ आहे, 'खालचं वावर दिलं'. दोन एकर. त्यापुढे रक्कम लिहिलेली नाही. बाकी सगळीकडे रक्कम आहे, चहाचे दहा रुपयेसुद्धा आहेत, तिथे मात्र नाही. मी सगळं बेरजेत मांडलं. वावर सोडून तीन लाखांच्या वर जातं. ज्या दिवशी तारीख, त्या दिवशीची मजुरी बुडाली ती यात नाही. हळद शिजवायच्या दिवसांत तारीख लागायची, तेव्हा कढईपाशी दुसरा माणूस लावावा लागायचा. तेही यात नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी ही म्हण लहानपणापासून ऐकतोय आणि आता मला तिचा राग येतो. ज्याला दावा लावायचाय त्याला ती ठीक आहे. आरोपीला पायरी चढायची की नाही असं कुणी विचारतं का? त्याला धरून नेतात. मग त्यानं शहाणपण करायचं तरी कुठे?

तर प्रश्न असा: सरकारनं एखाद्या माणसावर खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी कोर्टानं सांगितलं की गुन्हा सिद्ध झाला नाही. त्या माणसाचा बचावाचा खर्च कुणी द्यायचा?

मी वकील नाही, मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं. पण आज बोलायचं म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता वाचली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली. समजलं नाही तिथे एका वकील मित्राला विचारलं. जे सापडलं ते ऐका.

कलम ३५०. फिर्यादीचा आणि साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारनं द्यावा असा आदेश फौजदारी कोर्ट देऊ शकतं. भत्ता म्हणतो आपण त्याला. तो किती मिळतो, कधी मिळतो, हा वेगळा विषय. पण कायद्यात सोय आहे. त्या कलमात आरोपी नाही.

कलम ४००. अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोर्टात झाली आणि आरोपी दोषी ठरला, तर शिक्षेशिवाय फिर्यादीचा खर्चही त्यानं द्यावा असा आदेश देता येतो. त्या खर्चात वकिलाची फीसुद्धा धरता येते, असं कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे फौजदारी खटल्यात वकिलाची फी भरून मिळू शकते, ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही बरं का. फक्त ती आरोपीकडून घेण्यापुरती ठाऊक आहे. उलट बाजूनं तसंच कलम शोधलं, सापडलं नाही.

मग आरोपीसाठी काहीच नाही का? दोन कलमं आहेत. कलम ३९९: पुरेसं कारण नसताना कुणी एखाद्याला पोलिसांकरवी अटक करवली, तर अटक करवणाऱ्यानं भरपाई द्यायची. कमाल मर्यादा किती? एक हजार रुपये. (हशा) हसू नका, २००५ च्या दुरुस्तीआधी ती शंभर रुपये होती. कलम २७३: मॅजिस्ट्रेटपुढच्या खटल्यात आरोप करायला वाजवी कारणच नव्हतं असं दिसलं, तर फिर्याद करणाऱ्याला भरपाई द्यायला लावता येतं. मॅजिस्ट्रेटला जितका दंड करता येतो तितक्या मर्यादेत. सत्र न्यायालयातल्या खटल्याला हे लागू नाही, म्हणजे मामांना लागू नव्हतं. आणि या दोन्ही कलमांत एक गोष्ट सारखी आहे. पैसे द्यायचेत ते दुसऱ्या नागरिकानं. तपास केला सरकारनं, दोषारोपपत्र ठेवलं सरकारनं, खटला चालवला सरकारनं. खटला पडला, तर सरकारच्या खिशातून काहीच जात नाही.

दिवाणी कोर्टात काय होतं? बांधाचाच दावा दिवाणीत लढलात तर जिंकणाऱ्याला हरणाऱ्यानं खर्च द्यावा, हा तिथला सर्वसाधारण नियम आहे. प्रत्यक्षात जे मिळतं ते थोडं असतं, मान्य. पण तत्त्व आहे. म्हणजे दोन फूट बांधासाठी लढलेल्याला खर्च मागता येतो, आणि जन्मठेपेच्या भीतीखाली लढलेल्याला येत नाही.

कुणी म्हणेल, खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येतो की. येतो. सुटल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. पुन्हा वकील, पुन्हा तारखा, आणि समोरच्यानं दुष्ट हेतूनं खटला भरला हे तुम्ही सिद्ध करायचं. नऊ वर्षांनी घरी आलेल्या माणसाला आपण सांगतो, पायरी पुन्हा चढ. मामांना मीच हे सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

मग वरची न्यायालयं? तिथे कधीकधी मिळतं. बिहारचे रुदुल साह निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात राहिले होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना भरपाई दिली, तिथून हा रस्ता उघडला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख मिळाले. आणि आपल्या राज्यातला एक खटला तर प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा आणि खुनांची भयानक घटना घडली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना आरोपी केलं गेलं. फाशी सुनावली गेली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठरवली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी, प्रकरण पुन्हा ऐकून, सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. महाराष्ट्र सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला.

पाच लाख ऐकायला बरे वाटतात. सोळा वर्षांवर वाटून बघा. दिवसाला साधारण पंच्याऐंशी रुपये होतात. फाशीच्या छायेतल्या दिवसाला पंच्याऐंशी. आणि हे भाग्यवान, कारण त्यांना काही तरी मिळालं. गुजरातच्या अक्षरधाम खटल्यात २०१४ ला सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. अशी भरपाई दिली तर घातक पायंडा पडेल, असा सूर होता. म्हणजे ही भरपाई न्यायालयाच्या इच्छेवर आहे. हक्क म्हणून तिच्याकडे बघता येत नाही. आणि तिथवर जायचं तर इथून छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ दोनशे किलोमीटरहून जास्त. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी झाली, कलेक्टर कचेरी जवळ आली. हायकोर्ट होतं तिथेच राहिलं.

आता विधी आयोगाकडे वळतो, कारण समीक्षा करायचीच तर त्या अहवालाची करायला हवी. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये हा प्रश्न आयोगापुढे ठेवला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल आला. चांगला अहवाल आहे. चुकीच्या खटल्यांसाठी कायदेशीर हक्क असावा, जिल्ह्यात विशेष न्यायालयं असावीत, पैशाबरोबर समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण अशी मदतही असावी, असं तो म्हणतो. पण त्याची मेख एका व्याख्येत आहे. खटला दुष्ट हेतूनं किंवा सद्‌भावनेशिवाय भरला गेला असेल, तरच तो 'चुकीचा खटला'. आणि ते दाखवायचं कुणी? सुटलेल्यानं.

इथे अहवाल चुकला असं मला वाटतं. मामांच्या खटल्यात कुणा अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू होता का? मला वाटत नाही. पाचवं नाव आलं, लिहून घेतलं, पुढे पाठवलं. पुढच्यानं त्याच्या पुढे पाठवलं. नऊ वर्षं एकाही माणसानं वाईट हेतू ठेवला नाही आणि दोन एकर गेलं. आपल्याकडचे बहुतेक अन्याय असे होतात. त्याला खलनायक लागत नाही, आळस पुरतो. 'कोर्ट' सिनेमानं हेच तर दाखवलंय! न्यायाधीश सदावर्ते दुष्ट नाहीत. नूतनही दुष्ट नाही, ती नोकरी करतेय. सिनेमाला जे कळलं ते आयोगाच्या व्याख्येला कळलं नाही.

आणि तोही अहवाल कुठे आहे? २०२३ च्या डिसेंबरात संसदेनं फौजदारी कायदे नव्यानं लिहिले. कलमांचे क्रमांक बदलले, नावं बदलली. २७७ व्या अहवालातलं प्रकरण त्यात आलं नाही. आधीच्या कायद्यातले एक हजार रुपये मात्र जसेच्या तसे आले.

इतर देशांत काय चालतं, थोडक्यात सांगतो. जर्मनीत आरोपी निर्दोष सुटला की त्याचा आवश्यक खर्च सरकारी तिजोरीनं द्यायचा, हा नियम आहे. न देणं हा अपवाद. अमेरिकेत उलटं. १९९७ पासून केंद्रीय खटल्यांत फी मिळू शकते, पण सरकारची भूमिका छळवादाची किंवा बदहेतूची होती हे दिसायला हवं. इंग्लंडची गोष्ट मजेदार आहे. तिथे सुटलेल्याला वाजवी खर्च मिळायचा. सरकारनं काटकसर म्हणून २०१२ मध्ये तो जवळजवळ बंद केला. नायजेल इव्हान्स नावाच्या खासदारानं त्या धोरणाला पाठिंबा दिला होता. ते तेव्हा हाऊस ऑफ कॉमन्सचे उपसभापती होते. पुढे त्यांच्यावरच खटला झाला. २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले आणि बचावावर खर्च झालेले सुमारे एक लाख तीस हजार पौंड परत मिळेनात. मग त्यांना कळलं! (हशा) आपल्याकडच्या कायदेमंडळात गुन्हे दाखल असलेले सदस्य कमी नाहीत, पण त्यांना हे कळायची गरज पडत नाही. आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात. बांधावरचे गुन्हे मागे घ्यायचा शासन निर्णय अजून निघालेला नाही.

आता विरुद्ध बाजू. ती मी हलकी करून सांगणार नाही.

पहिला आक्षेप: मोफत कायदेशीर मदत आहे ना? आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्यांना उत्पन्नाची अट न लावता आहे, आणि ती घ्यायला हवी. पण 'फुकटचा वकील' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. वावर गहाण ठेवतील पण खासगी वकील करतील. आणि मोफत वकील मिळाला तरी एसटी मोफत होत नाही, बुडालेला रोज मिळत नाही.

दुसरा आक्षेप: सुटला म्हणजे निर्दोष असतोच असं नाही, संशयाचा फायदा मिळाला असेल. खरं आहे. पण संशयाचा फायदा ही मेहेरबानी नव्हे. सिद्ध करायची जबाबदारी सरकारची होती, ती पार पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कायदा सुटलेल्याला निर्दोषच मानतो. गावात तसं मानत नाहीत, हे मामांनी शेवटपर्यंत अनुभवलं. निदान सरकारनं तरी तसं मानावं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड जातो. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या नितीन आगेची हत्या आठवा. २०१४. शाळकरी दलित मुलगा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. त्या निकालानंतर मी लोकांपुढे उभा राहून म्हणू शकेन का, की आता या सुटलेल्यांना खर्चही द्या? हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा माझी जीभ जड झाली. आणि दुसरी भीती. सुटलेल्याला खर्च द्यायचा म्हटलं की उद्या अॅट्रॉसिटीची फिर्याद करायला निघालेल्या बाईला कुणी तरी सांगेल, केस पडली तर तुला भरावं लागेल बरं का.

यावर फार विचार केला. माझं उत्तर असं. ती भीती आत्ताच्या कलम २७३ मुळे आजही घालता येते, कारण तिथे भरपाई फिर्यादीकडून घेतात. मी म्हणतो ती व्यवस्था त्याच्या उलट आहे. खर्च फक्त सरकारनं द्यायचा. फिर्यादीकडून कधीच नाही. आणि साक्षीदार फितूर होतात तेव्हा ते अपयश कुणाचं? त्यांना संरक्षण देणं सरकारचं काम होतं. आज साक्षीदार फुटला, तपास ढिसाळ झाला, खटला पडला, तर सरकारला एक रुपयाचा फटका नाही. मेलेल्या मुलाच्या आईबापांचं नुकसान होतं. खोटा अडकलेल्याचं नुकसान होतं. सरकारचं काहीच जात नाही. प्रत्येक पडलेल्या खटल्याचं बिल तिजोरीवर आलं, तर कुणीतरी वर बसून विचारेल, हे खटले का पडतायत? तो प्रश्न पीडिताच्याही कामाचा आहे.

आणि आरोपीनं स्वतः साक्षीदार फोडल्याचं दिसलं, तर खर्च नाकारायचा अधिकार कोर्टाला ठेवा. कारण लिहून नाकारायचा. मोठ्या माणसाच्या महागड्या वकिलाचं बिल जनतेनं का भरावं, हाही रास्त प्रश्न आहे. म्हणून फीला मर्यादा घाला, कायदेशीर मदतीच्या वकिलाला सरकार देतं त्या दरानंच. हजेरीच्या प्रत्येक तारखेला साक्षीदाराला जो भत्ता, तोच सुटलेल्या आरोपीला. अपिलाची मुदत संपल्यावर द्या, घाई नाही. नऊ वर्षं थांबलेला माणूस आणखी काही महिने थांबेल.

एवढं सगळं मिळालं असतं तरी मामांचं वावर परत आलं नसतं. मला माहीत आहे. पण वहीत शेवटच्या पानावर काय आहे सांगतो. निकालाच्या दिवसाची तारीख. खाली 'एसटी', त्यापुढे रक्कम. आणि त्याखाली रेघ मारून 'एकूण' असं लिहिलंय. पुढे काही नाही. मामांनी बेरीज केली नाही. किंवा केली आणि लिहिली नाही. मला नेहमी वाटतं, ती बेरीज कोर्टानं करायला हवी होती. निकालपत्रात, शेवटच्या परिच्छेदात, दोन ओळींत. 'आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येते. त्याचा खर्च इतका झाला. तो राज्य सरकारनं द्यावा.'

'कोर्ट'मध्ये निकाल नाही म्हणून मी त्या सिनेमावर थोडा नाराज होतो, असं आज कबूल करतो. निकाल दाखवला असता, कांबळेची सुटका दाखवली असती, तर आपण सुटकेचा निःश्वास टाकून उठलो असतो. ताम्हाणेंनी उठू दिलं नाही, हे त्यांनी बरोबरच केलं. पण कुणीतरी आता पुढचा सिनेमा काढायला हवा. त्याची सुरुवात निर्दोष मुक्ततेपासून व्हावी. आणि कॅमेरा त्या माणसाबरोबर एसटीत बसून त्याच्या घरी जावा.



(यानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न (एक वकील ताई): सर, सगळा दोष सरकारवर टाकलात. तारखा वाढतात त्यात आम्हा वकिलांचा वाटा नाही का? मामांच्या वहीतच 'वकीलसाहेब आले नाहीत' असं आहे.

उत्तर: ताई, तुम्ही वकील असून हे विचारलंत, तुमचा आदर वाटतो. (टाळ्या) आहे, वाटा आहे. म्हणूनच फी तारखेवर न ठरवता खटल्याच्या टप्प्यावर ठरवावी असं मला वाटतं. दोषारोप निश्चिती, साक्षी, युक्तिवाद, अशा टप्प्यांना. तारीख वाढवून कुणाचंच बिल वाढता कामा नये.

प्रश्न (एक तरुण श्रोता): राज्याच्या तिजोरीत शाळेला, दवाखान्याला पैसे नाहीत. हे कुठून आणायचे?

उत्तर: हा पैसा आजही जातोच आहे, बाळा. फक्त तो तिजोरीतून जात नाही, कुणाच्या तरी वावरातून जातो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारातले तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. त्यांच्यातले किती सुटतील ते आज सांगता येत नाही, पण सुटतील त्या प्रत्येकाच्या घरी अशी एक वही असेल. सरकारला परवडत नसेल, तर सव्वा एकरवाल्याला कसं परवडतं, एवढंच मला विचारायचंय. सरकारला महाग वाटलं, तर त्यानं पुरावा पाहून, विचार करून खटले भरावेत. मग शाळेलाही पैसे उरतील.